कोणत्या गावचे आम्ही?

इंदूरच्या राजवाड्यासमोर सकाळी उभे राहिले तर कोणी कोणाला गाव विचारीत नाही. सराफ्याकडून येणारे, खजुरी बाजाराकडे जाणारे, पोह्यांच्या गाडीभोवती जमलेले, सगळे आपापल्या घाईत असतात. ह्या चौकामागच्या एका गल्लीत आम्ही दोघांनी संसाराची पस्तीस वर्षे काढली. एवढ्या काळात भाडेकरू, शेजारी, वर्गणीदार, मतदार अशी आमची पुष्कळ ठिकाणी नोंद झाली. पण ‘तुम्ही कोण गावचे?’ असे आम्हांस फारसे कोणी विचारले नाही. मराठी घरात बोलतात एवढे कळले की इंदूरच्या माणसाचे समाधान होते. होळकरांच्या वेळी आलेले असतील, असे तो मनाशी ठरवून टाकतो.

तो प्रश्न आम्हांस जामखेड तालुक्यातील एका लहान गावात विचारला गेला, तोही पहिल्याच दिवशी, एस. टी.तून ट्रंक उतरवीत असताना. वास्तविक ते आमचेच गाव होते. निदान तशी समजूत करून घेऊन आम्ही तेथे राहावयास गेलो होतो.

हा लेख आम्ही पतिपत्नी मिळून लिहीत आहोत. नोकरी संपली, मुलीचे लग्न झाले, आणि तीन वर्षांपूर्वी आम्ही शहर सोडून आजोबांच्या गावी जाण्याचे ठरविले. मंडळीतील मित्रांनी कारण विचारले तेव्हा आम्ही ‘सेवा’ असे उत्तर दिले. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. आम्हांस काहीतरी द्यावयाचे होते त्यापेक्षा काहीतरी हवे होते. कोणीतरी आपल्याला ‘आपला माणूस’ म्हणावे, अशी भूक उतारवयात लागते. पण मुंबई-पुण्याच्या, इंदूर-नागपूरच्या किती ख्रिस्ती कुटुंबांना ती लागत असेल आणि ती लागल्यावर गावाकडे पाहण्याचे धैर्य किती जणांना होत असेल, हे ज्यांचे आजोबा गाव सोडून आले त्यांनाच ठाऊक. आपलेपणा मागता येतो काय? आणि ज्या गावाने आपल्या वाडवडिलांना एका विशिष्ट अर्थाने ‘आपले’ म्हटले होते, त्याच गावाकडे तो मागावा काय?

राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाई होळकरांचा पुतळा आहे. त्यांचा जन्म 1725 साली चौंडी येथे झाला, आणि चौंडी हे जामखेड तालुक्यातच आहे. सीना नदीच्या काठची ती मुलगी लग्न होऊन होळकरांच्या घरात आली, 1767 पासून 1795 पर्यंत राज्य केले, आणि राजधानी मात्र इंदूरला न ठेवता नर्मदेकाठी महेश्वरला ठेवली. 2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले ते त्यांच्यावरून. राजवाड्याची इमारत सात मजल्यांची, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. 1984 च्या दंगलीत तिचा बराच भाग जळाला आणि मागाहून तो पुन्हा उभारण्यात आला. लहानपणी आजोबा आम्हांस त्या पुतळ्याकडे बोट दाखवून सांगत, ‘ही बाई आपल्याकडची.’ आपल्याकडची म्हणजे कुठली, असे विचारले की ते म्हणत, ‘नगर जिल्हा.’ गावाचे नाव ते कधी घेत नसत. आम्हांस ते पुढे वडिलांकडून कळले.

आजोबा इंदूरला गिरणीत कामाला आले. त्या काळी येथे मालवा मिल, हुकूमचंद मिल अशा कापड गिरण्या होत्या आणि दक्षिणेकडून माणसे कामासाठी येत. (हुकूमचंद मिल 1991 साली बंद पडली, तिच्या भोंग्यावर आमच्या घरातले घड्याळ लावले जाई.) त्यांचा बाप्तिस्मा नगर जिल्ह्यातच झाला होता. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला 1831 साली काम सुरू केले, त्या कामातून खेड्यापाड्यांच्या महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत ज्या लहान मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी एकीत. गाव सोडले ते दुष्काळामुळे असे घरात सांगत. पण दुष्काळ सरल्यावर पुष्कळ लोक परत गेले, आजोबा गेले नाहीत.

का गेले नाहीत, ते समजावयास गावकी म्हणजे काय हे ठाऊक हवे. आमचे घराणे गावच्या महारांचे. ते ‘गावचे’ होते, ह्यात शंका घेण्याला जागाच नव्हती. वेशीवर पहारा, सरकारी कामगाराच्या पुढे धावणे, सांगावा पोहोचविणे, मेलेले जनावर ओढून नेणे, ही सर्व कामे वतनाने त्यांच्याकडे होती, आणि त्याबद्दल थोडीशी जमीन, बलुते, आणि संध्याकाळी दारोदार उभे राहून मागितलेली भाकरी. मुंबई राज्याने 1958 साली कायदा करून ही वतने रद्द केली, तोवर कागदोपत्री ती चालूच होती. तेव्हा गावाशी नाते पक्के होते, इतके पक्के की माणसाला त्यातून सुटता येत नसे. आज आपण ज्याला मुळे म्हणतो, त्याला आजोबा कदाचित दावे म्हणाले असते. इंदूरला आल्यावर त्यांनी एक नियम केला होता: कोणाच्या दारात उभे राहून शिजविलेले अन्न घ्यावयाचे नाही. पाळकांच्या घरीसुद्धा ते आधी खुर्चीवर बसत, मग ताटाला हात लावीत. घरात ह्या गोष्टीची थट्टा होत असे. ती थट्टा आम्हीही केली आहे.

राजवाड्यापासून महू फार लांब नाही. तेथे 1891 साली डॉ. आंबेडकरांचा जन्म झाला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले ते प्रसिद्धच आहेत. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी विचारले ते थोडक्यात असे, की संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर ह्याखेरीज खेडे म्हणजे दुसरे काय आहे? आपल्या लोकांनी गाव सोडावे, शहर गाठावे, असा त्यांचा सल्ला होता. त्याआधी बारा वर्षे, 1936 मध्ये, गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहावयास गेले आणि पुढे ते गाव सेवाग्राम झाले. एकाने म्हटले, गावाकडे चला. दुसऱ्याने म्हटले, गाव सोडा. विद्यार्थीदशेत आम्ही ह्यावर वादविवाद केले आणि दोन्ही बाजूंनी बक्षिसे मिळविली. बिऱ्हाड हलवावयाची वेळ येईपर्यंत त्या वादाचा आमच्याशी संबंध आहे असे मात्र कधी वाटले नाही.

जामखेडचे नाव ख्रिस्ती वाचकांना परके नाही. डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे दोघे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, अमेरिकेत पुढचे शिक्षण घेतले, आणि 1970 साली जामखेडला आले. मेबलबाई मूळच्या जबलपूरच्या, म्हणजे आमच्याच मध्य प्रदेशाच्या. जामखेडमध्ये त्यांना दवाखान्यासाठी मिळाली ती जागा म्हणजे जनावरांच्या दवाखान्याची मोडकळीस आलेली इमारत. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलबाई 1999 साली वारल्या, डॉक्टर 2011 साली. त्यांच्या कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. गावोगावच्या अल्पशिक्षित, बहुतेक दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले आणि डॉक्टर जे करू शकत नव्हते ते त्या बायांनी केले, एवढे येथे पुरे.

आम्हांस येथे सांगावयाची आहे ती विहिरींची हकीकत. 1972 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. पाण्यासाठी कूपनलिका पाडण्याचे काम आरोळ्यांनी हाती घेतले तेव्हा कूपनलिका कोठे पाडावयाची हा प्रश्न आला. त्यांनी त्या दलित वस्त्यांत पाडविल्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत असे, त्यांच्या दाराशी उभे राहून बाकीच्या गावाला पाणी भरावे लागले. कोणी भाषण केले नाही, कोणाला पश्चात्ताप करावयास लावले नाही. तहान लागलेली होती आणि पाणी तेथे होते.

ही हकीकत आम्ही कितीतरी वर्षे ‘समाजसुधारणेची युक्ती’ म्हणून सांगत आलो होतो. गावात राहिल्यावर तिच्यातली दुसरी गोष्ट दिसली. आरोळे दांपत्याने गावाकडे स्वतःसाठी प्रेम मागितले नव्हते. आपण गावात कसे सामावू, हा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला नाही. जे पिढ्यान्‌पिढ्या गावात असून गावात नव्हते, त्यांच्या दारात गाव कसे येईल, हे पाहिले. शहरातून खेड्यात जाणारा माणूस बहुधा पहिल्या प्रश्नापाशीच अडतो. आम्ही तर चांगले आठ महिने अडलो.

आम्ही घर भाड्याने घेतले ते गावठाणात, वरच्या आळीला, कारण तेथे नळ होता आणि रस्ता डांबरी होता. घरमालक सज्जन. मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला, थोडी पुस्तके ठेवली, किरकोळ औषधे ठेवली. मुले आली, औषधे नेली, आमच्याविषयी सर्वजण चांगले बोलत. पण आमच्याकडे कोणी नुसते बसावयास म्हणून येत नसे. कोणाच्या घरी सुख असो दुःख असो, आम्हांस ते दुसऱ्या दिवशी कळे. आमचे नाव पडले ‘इंदूरवाले’. मंडळीतल्या मित्रांना आम्ही पत्रातून लिहीत होतो की हळूहळू रुळत आहोत. ते वाक्य आम्ही तीन वेळा लिहिले.

त्या घरमालकांच्या आई नव्वदीच्या आहेत. एके दुपारी त्यांनी आम्हां दोघांना बोलावून घेतले, चहा दिला, आणि अगदी मायेने म्हणाल्या, ‘तुमचा धाकला आजा आमच्या वाड्यावर यायचा. लई इमानी माणूस. मी नवी नवरी होते, तेव्हा रोज सांजच्याला मीच त्याला भाकर घालायची. तुम्ही काय परके न्हाई, आमचीच माणसं.’

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आजोबांचे धाकटे भाऊ गावातच राहिले होते, आणि आम्ही कोणाची नातवंडे हे आम्ही ट्रंक उतरवीत होतो तेव्हाच गावाला कळले असणार. आणि ज्या शब्दासाठी आम्ही एवढ्या लांबून आलो होतो, तो शब्द त्या म्हाताऱ्या बाईने आम्हांस देऊन टाकला. आमचीच माणसं! त्यांच्या मनात तिळमात्र वाईट नव्हते, हे आम्ही शपथेवर सांगू. चहाचा कप सर्वांचा होता तोच आमचाही होता. पण तो शब्द आमच्या हातात विस्तवासारखा राहिला. आजोबा जे टाकून शंभर कोस दूर गेले, तेच आम्ही पुन्हा ओंजळीत घेतले की काय? आम्ही काही बोललो नाही. बोलावयास हवे होते काय, ह्यावर आम्हां दोघांत अजून एकमत नाही. एकाचे म्हणणे, नव्वद वर्षांच्या बाईला तिच्या आठवणीचा हिशेब मागणे ही क्रूरता आहे. दुसऱ्याचे म्हणणे, गप्प बसणे हीच तर जुनी गावकी. वाचकांनी आपापल्या घरी ठरवावे.

गावाच्या खालच्या अंगाला आमच्या भावकीची बारा-पंधरा घरे आहेत. बहुतेक आता बौद्ध आहेत. दोन घरांत जुना बायबलचा ग्रंथ आहे, एकात तो वाचलाही जातो. तेथल्या एका चुलत बहिणीने एकदा सरळ विचारले, ‘दादा, तुम्ही वर का राहिलात?’ नळाचे कारण सांगताना आमची जीभ अडखळली. तिच्या घरी नळ नव्हताच.

त्याच वर्षी भाद्रपदात आमच्यापैकी एकीला तापाने धरले. सांधे धरले, उठवेना, आणि दुसऱ्याला चूल पेटविता येत नाही हे गावाला समजले. वरच्या आळीने चौकशी केली, डॉक्टरकडे न्यावयास गाडी दिली. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण दोन वेळची भाकरी आली ती खालून. ती चुलत बहीण स्वतःच्या कामावरून येई, हंडा भरून ठेवी, अंग पुसून देई आणि जाताना दटावी, ‘येवढं शिकून भाकर थापता येत न्हाई व्हय?’ अकरा दिवस हे चालले. आम्ही पैसे काढले तेव्हा तिने ते पाहिलेच नाही असे दाखविले. आणि बरे वाटू लागल्यावर तिने तिच्या नातवाचे दप्तर आमच्या ओट्यावर आणून टाकले. अभ्यासवर्गाला आजवर खालची मुले दोनच येत. त्या आठवड्यात नऊ आली.

तेव्हा आम्हांस आजोबांचा नियम आठवला. भाकरी तर तीच, ज्वारीचीच. त्यांनी ती घेण्याचे नाकारले आणि आम्ही अकरा दिवस घेतली. ह्यात आम्ही त्यांचा नियम मोडला काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि ह्या लेखात सांगावयाचे ते मुख्यतः एवढेच आहे. वाड्याची भाकरी वरून खाली पडत असे. ती घेणाऱ्याने परत काही द्यावयाची सोयच नव्हती, कारण त्याचे कष्ट आधीच वसूल झालेले असत आणि त्याचे अन्न वाड्यात चालत नसे. बहिणीची भाकरी समोरून आली. उद्या ती आजारी पडली तर आमच्या हातची कच्चीपक्की तिला चालणार होती. आमचा अभ्यासवर्ग, आमची औषधेसुद्धा त्या वाड्याच्या भाकरीसारखीच तर नव्हती ना, हा विचार मागाहून आला आणि पुष्कळ दिवस गेला नाही. आम्ही देत होतो आणि घेत काही नव्हतो. अशा माणसाजवळ कोण बसावयास येणार? त्याचे ऋण फेडावयाचे कसे?

प्रभू येशूने सत्तर जणांना पाठविले तेव्हा पिशवी नेऊ नका आणि पुढे वाढतील ते खा, अशा अर्थाची आज्ञा केली, ती लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. ह्या उताऱ्यावर आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली, बहुतेकांचा भर त्यागावर. पण ज्याच्याजवळ पिशवी नाही त्याला दुसऱ्याच्या घरी जेवावेच लागते. सूखार गावच्या विहिरीवरही त्याने प्रथम पाणी मागितले, आणि ते अशा बाईजवळ की जिच्या हातचे त्याच्या लोकांना चालत नव्हते. उलट बाजूने अब्राहाम दिसतो. सारा वारली तेव्हा तो परदेशी होता. लोक फुकट जागा देत असता त्याने मोजून पैसे दिले आणि मगच तिला पुरले. पूर्वी आम्हांस वाटे, अब्राहामाचे हे वागणे जरा कोरडे आहे. आता वाटते, आजोबा इंदूरला ज्या कारणाने खुर्चीवर बसून मगच ताटाला हात लावीत, तेच कारण त्याचेही असेल. परक्या मुलखात फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कधी, कोण आणि कशी मागेल, ह्याचा भरवसा नसतो.

त्यानंतर दसऱ्याच्या सुमारास आम्ही खालच्या अंगाला दोन खोल्या घेतल्या. ह्यात पराक्रम काही नाही. पाणी लांबून आणावे लागते आणि पावसाळ्यात चिखल होतो. घरमालक दुखावले, आपले काही चुकले काय, असे विचारीत राहिले. त्यांना समाधानकारक उत्तर आम्हांस देता आले नाही. त्यांच्या आईंकडे आम्ही अजून जातो. मागल्या खेपेस त्यांना आमच्याकडे जेवावयास येण्याचे आमंत्रण दिले. गुडघे दुखतात म्हणाल्या. गुडघे खरोखरच दुखतात.

आणि नेमके तेथे राहावयास गेल्यावर आमची एक फजिती झाली. शेजार मिळाला म्हणून आम्ही आनंदात होतो, तो दिवाळीच्या आसपास शेजारच निघून गेला. जामखेड, आष्टी, पाटोदा ह्या बाजूची माणसे उसाच्या तोडणीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि असे कोयतेच्या कोयते गाडीत बसून पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात, ते उन्हाळा लागेपर्यंत. मागे राहतात म्हातारी माणसे, काही मुले, शेळ्या आणि कुलपे. जे ह्या गावचे आहेत त्यांना गाव सहा महिने पोसू शकत नाही, आणि ज्यांना पेन्शन पोसते ते आम्ही आपलेपणा शोधीत येथे येऊन बसलो! गावाकडच्या साध्या, स्थिर जीवनाविषयी शहरात जे बोलले जाते ते बोलणाऱ्यांनी एकदा कार्तिकातली ती आळी पाहावी. आजोबाही असेच कधी कुलूप घालून निघाले असतील. त्यांच्या जवळ तर कुलूपही नसेल.

सध्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही महिनाभर इंदूरला मुलीच्या मैत्रिणीकडे उतरलो आहोत. डॉक्टरांनी वाचावयास मना केले आहे, म्हणून आमच्यापैकी एकाने सांगितले आणि दुसरीने लिहिले. परवा संध्याकाळी राजवाड्यासमोर हिंडत असताना त्या बहिणीचा फोन आला. डोळ्याची चौकशी दोन वाक्यांत आटोपली. मग तिने विचारले, दसऱ्याच्या आधी येताय की नाही ते आत्ताच सांगा. मुकादमाची गाडी ठरली आहे, नातवाची शाळा बुडता कामा नये, त्याला आमच्याकडे ठेवावयाचा आहे. शिवाय शेळी आहे. घराची किल्लीही आमच्याकडेच ठेवावयाची आहे, गेल्या वर्षी दुसरीकडे ठेवली होती तर भांडी गेली.

आम्ही खंडव्याहून मनमाडमार्गे नगर असे आरक्षण पाहिले. पुढे एस. टी. आहेच. शेळीचे दूध काढावयाचे आमच्यापैकी कोणालाच येत नाही, हे तिला अजून सांगितलेले नाही.